पालथा पेला घेऊन उमरखेडला

पैनगंगेच्या पुलाआधी

नांदेडहून निघालेली एसटी हदगाव मागे टाकून पैनगंगेच्या पुलाकडे उतरत होती. रस्त्यात म्हशी आडव्या आल्या, ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला आणि माझ्या मांडीवरची पिशवी खाली गेली. पिशवीतला स्टीलचा पेला बाहेर पडला आणि खणखणत, सगळ्यांच्या पायांमधून वाट काढत, थेट ड्रायव्हरच्या मागे जाऊन थांबला. अख्खी गाडी माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं, आता धरणी पोटात घेईल तर बरं.

पुढच्या सीटवरच्या टोपीवाल्या आजोबांनी पेला उचलला, धोतराने पुसला, आपल्या बाटलीतलं पाणी त्यात ओतलं आणि माझ्याकडे आले.

"घ्या बाई. तहान लागली असन."

आता त्यांना काय सांगू, की हा पेला पाणी पिण्याचा नाही, पाणी न पिण्याचा आहे? मी गुपचूप प्यायले.

"कोठून आल्या?"

"देवगडहून."

"हे कोठी आलं?"

"कोकणात. समुद्राकडे."

"बाप्पा! अन् इकडं कायले? कोनी आजारी हाय?"

"नाही हो. उमरखेडच्या दवाखान्यात जायचंय. हा पेला दाखवायला."

आजोबांनी पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मागे वळून सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आयकलं काय? बाई समुद्रावून गिलास दाखवाले आली!"

गाडी हसली, मीही हसले. तेवढ्यात पूल आला. खाली पैनगंगेचं संथ पाणी, पलीकडे यवतमाळ जिल्हा. नवऱ्याचा फोन आला, "पोचलंस मगे?" मी म्हटलं, "पोचतंय. हय नदी आसा, पण खाडी नाय." तो म्हणाला, "तू काय खाडी बघूक गेलंस?"

पेल्याची गोष्ट

मी देवगड तालुक्यातल्या एका लहान रुग्णालयात मावशी आहे. खाटा पुसायच्या, चादरी बदलायच्या, कुणाला हात धरून संडासला न्यायचं, कुणाचं रडणं ऐकायचं. शाळा पाचवीत सुटली. मग काही वर्षं आंब्याच्या कॅनिंगमध्ये काढली आणि नंतर रुग्णालयाने मला घेतलं. त्या दिवसाचे उपकार मी अजून विसरलेली नाही. हे लिहून काढा असं आमच्या सिस्टरनीच सांगितलं, कारण आमच्यातल्या कुणी तो मुलूख पाहिलेला नाही.

पेला कुठून आला ते आधी सांगते. आमच्याकडे एक मासेमार दादा हर्नियासाठी दाखल झाले होते. आदल्या संध्याकाळी सिस्टर घाईत होत्या, म्हणून निरोप मी दिला, "दादा, उद्या सकाळी उपास हां!" दादा देवमाणूस. त्यांनी उपास धरला. पहाटे बायकोने करून आणलेली साबुदाण्याची खिचडी खाल्ली, वर दोन केळी. उपासाला चालतं ना! भूल दिल्यावर ते सगळं वर आलं आणि छातीत उतरलं. किती दिवस कोल्हापूरला होते ते. वाचले. अजून मला बांगडे पाठवतात. चूक तुमची नाही मावशी, असं सगळे म्हणाले. पण शब्द माझा होता.

तेव्हापासून मी शब्दावर विश्वास ठेवणं सोडलं. ज्याचं सकाळी ऑपरेशन, त्याच्या खाटेजवळच्या कपाटावर स्टीलचा पेला पालथा घालायचा, बुडाला लाल फडकं बांधायचं. भेटायला येणारा प्रत्येकजण विचारतो, हे काय? मग त्याला सांगायचं, पेला सुलटा होईपर्यंत पोटात काही म्हणजे काही नाही. एवढंच. लहान पोरालाही कळतं. आमच्या भुलीच्या डॉक्टरांनी हे कुणाला तरी सांगितलं आणि उमरखेडच्या एका ट्रस्टच्या दवाखान्याकडून पत्र आलं. पेशंटला जपणाऱ्या बिनखर्चाच्या युक्त्या ज्यांनी शोधल्या, त्यांना ते एका सभेला बोलावणार होते. सिस्टर सोबत येणार होत्या, त्यांची रजा रद्द झाली. मग मी एकटी. कोल्हापूरच्या पुढे आयुष्यात पहिल्यांदा.

सोले

स्टँडवर गोकर्णाबाई न्यायला आल्या होत्या. त्या तिथल्या दवाखान्यातल्या मावशी, म्हणजे माझ्याच जातकुळीच्या. ठेंगण्या, रुंद, चालताना आधी आवाज पोचतो आणि मग बाई. त्यांच्या घरीच माझी राहायची सोय होती.

"तूच काय समुद्रवाली? मी सकाळपासून तीन गाड्या पाह्यल्या. चाल, भूक लागली असन. मी सोल्याची भाजी करून आलतो."

पहिली गंमत ही, की इथल्या बाया 'मी करतो, मी जातो' म्हणतात. आणि दुसरी, सोल्याची भाजी! आमच्याकडे सोलं म्हणजे कोकमाची, कढीत घालायची. मला वाटलं, वा, एवढ्या लांब माझ्यासाठी कोकम शोधून काढलं. डोळ्यांत पाणी यायचं बाकी. मी पिशवीतून घरची सोलं काढून त्यांच्या हातावर ठेवली. "मी पण सोलंच आणलीत तुम्हाला."

गोकर्णाबाईंनी वास घेतला. एक जिभेवर ठेवलं. तोंड असं केलं की काय सांगू.

"हे सोले? हे तं सडले बाई!"

त्यांचे सोले म्हणजे तुरीचे ओले, हिरवेगार दाणे. वांग्यात घातलेले, वर तेलाचा लाल तवंग, सोबत ज्वारीची भाकर आणि कच्चा कांदा. पहिल्या घासाला माझ्या कानांतून धूर निघाला. दुसऱ्या घासाला मी विचारलं, अजून आहे का? ओल्या नारळाशिवाय भाजीला एवढी चव येते हे मला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. त्यांच्या घरामागे तूर माझ्या डोक्याएवढी उभी, पलीकडे कापूस फुटलेला, आणि जमीन काळी, भेगाळलेली, जिथवर नजर जाईल तिथवर सपाट. आमच्याकडे नजर दहा पावलांवर डोंगराला नाहीतर माडाला आपटते. इथे ती नुसती पळत सुटते. मला तर आनंदाने गरगरल्यासारखं झालं.

जेवताना मी खिचडीची गोष्ट सांगितली. गोकर्णाबाई जेवायच्या थांबल्या.

"आमच्यात तो उपास नाई. आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली, तवा एकादशी, चतुर्थी सगळं सुटलं. पन माही सासू पौर्णिमेले उपोसथ धरते. बाराच्या आत जेवाचं, मंग दुसऱ्या दिवसापर्यंत काई नाई. तिले तुमी 'उपाशी ये' म्हनलं तं ते साडेअकराले पोटभर जेवून येईन. अन् शेजारची रेहाना रोजा धरते, ते पहाटे खाऊन येईन. कोनी खोटं नाई बोलून राह्यलं."

"म्हणजे एका वॉर्डात तीन उपास."

"अन् डॉक्टरचा चवथा!"

आम्ही दोघी इतक्या हसलो की भाकर हातातच राहिली.

तीन नंबरची खाट

दुपारी गोकर्णाबाईंनी मला दवाखाना दाखवला. बायकांच्या वॉर्डात तीन नंबरच्या खाटेवर कौसल्याबाई होत्या. ढाणकीकडच्या एका गावच्या, साठीच्या, काटक. शेजारी सून वनिता पदराचं टोक चावत बसलेली. कौसल्याबाईंचं अंग बाहेर येत होतं, म्हणजे गर्भाशय खाली उतरत होतं, बारा वर्षं. बारा वर्षं या बाईने कापसाची ओझी डोक्यावर घेतली, कुणाला बोलली नाही. दिवाळीत सुनेच्या लक्षात आलं, तेव्हा तिने हट्टाने इथे आणलं.

मागच्या मंगळवारी ऑपरेशन ठरलं होतं. सिस्टरने विचारलं, काही खाल्लं? "काई नाई." पाणी? "नाई." टेबलावर घेतल्यावर भुलीच्या डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं, तर गालात सुपारीचं खांड, जीभ लालभडक. ते खांड मधेच श्वासनळीत गेलं असतं तर? डॉक्टरांनी ऑपरेशन रद्द केलं. ते यवतमाळहून फक्त मंगळवारी येतात. म्हणजे अख्खा आठवडा गेला.

"सुपारी काय खानं असते?" कौसल्याबाई मलाच विचारत होत्या. "तंबाखूनं काय पोट भरते? मी खोटी नाई बोललो. अन् आता आयकून ठेवा. या मंगळवारी झालं तं झालं. नाई तं मी गाठोडं उचलतो अन् घरी जातो. मंग कोनी माह्या अंगाचं नाव काढाचं नाई."

वनिता माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "ते खरंच जाईन हो मावशी. परत नाई याची."

इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, "मावशी, तुमचा पेला परवा सभेत दाखवणारच आहात. आज इथे तालीम करून बघा ना, तासभर."

सभेत दाखवणं वेगळं. इथे जिवंत बाई होती, हातातून निसटायला आलेली. पण नाही कसं म्हणणार? मी पेला काढला, तिच्या कपाटावर पालथा घातला, लाल फडकं बांधलं, सगळं समजावलं. कौसल्याबाईंनी मान डोलावली. मी दाराशी जाऊन उभी राहिले.

दहा मिनिटं झाली नसतील. बाईंनी उशीखालची बाटली काढली, वरून घटाघटा पाणी प्यायल्या, बाटली ठेवली. मी धावत गेले. "अहो मावशी, पेला पालथा आहे ना!"

"गिलास पालथा हाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "बाटली तं सीधी हाय ना!"

सगळा वॉर्ड खदखदला. आणि हसता हसताच त्यांचा हात कमरेला गेला. तिथे कापडाची, कप्प्याकप्प्यांची चंची खोचलेली. दोन बोटांनी बंद सुटला, तंबाखूची चिमूट तळव्यावर, चुना, अंगठ्याने चोळा, तोंडात. डोळे माझ्याकडेच. हाताने काय केलं ते बाईंना माहीतही नव्हतं, एवढी सवय.

मी पेला उचलून पिशवीत टाकला. एवढ्या लांबून आणलेली युक्ती तासभरसुद्धा टिकली नाही. परवा मांडवात उभी राहून काय सांगणार होते मी?

ढाणकीचा बाजार

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, गोकर्णाबाईंना ढाणकीला बहिणीकडे जायचं होतं. "तोंड पाडून घरी बसू नोको, चाल," म्हणून मलाही ऑटोत कोंबलं. बाजार बघून मी जराशी सावरले. मिरच्यांचे लाल ढीग, तुरीच्या शेंगांचे हिरवे, बैलांच्या गळ्यातली घुंगरं, गूळ, बोरं. एक बंजारा बाई आरशांचं काम केलेलं लुगडं नेसून बांगड्यांचा भाव करत होती, असा की दुकानदाराने शेवटी हात जोडले. मी सुका बोंबील कुठे मिळतो विचारलं, तर एका बाईने मला वेड्यात काढलं.

कोपऱ्यात एक म्हातारी कोंबड्या घेऊन बसली होती. समोर बांबूचं मोठं डालगं पालथं घातलेलं. येणारा जाणारा डालग्याला वळसा घालून जात होता. एका बारक्या पोरीने हात लावला, तर आतून फडफड झाली, पोरगी किंचाळून आईला बिलगली.

गोकर्णाबाई एकाएकी थांबल्या. माझा दंड धरला.

"पाह्य."

"काय?"

"डालगं पालथं हाय, लोक वळसा घालून जाऊन राह्यले. काहून? आत कोंबडी हाय म्हून. तुह्या गिलासाखाली काय हाय?"

"काही नाही."

"मंग त्याले कोन भीन?"

मी तिथेच, बाजाराच्या मध्यावर, उभी राहिले. मागून सायकलवाला ओरडला, "ओ बाई, रस्ता हाय का घर?" मला ऐकू येत होतं पण हलवत नव्हतं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि एकदमच म्हटलं, "चंची!"

बहिणीकडचा चहा उभ्याउभ्या पिऊन आम्ही परत ऑटोत बसलो.

गंज

संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी आम्ही तीन नंबरला गेलो. सिस्टरना आधीच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, करा, पण तिच्या मर्जीने, ओढाओढ नको.

कौसल्याबाईंनी चंचीवर दोन्ही हात ठेवले. "माह्या सासूची हाय हे. मी नवऱ्यालेबी हात लावू देत नाई."

"आमी नाई लावत हात," गोकर्णाबाई म्हणाल्या. "तूच काढ, तूच ठेव. तुह्याच डोळ्यासमोर राहीन, इथं, कपाटावर. वरून झाकाचं फकस्त. उद्या ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर हो म्हनन तवा तूच उघड."

"अन् तल्लफ आली तं?"

मी म्हटलं, "तल्लफ येईलच मावशी. ती आली की गेली पण. आम्ही रुग्णालयात किती बघतो. तुम्ही बारा वर्षं तो त्रास सोसला, कुणाला कळू दिला नाही. एक रात्र तंबाखू नाही सोसणार?"

बाई वनिताला म्हणाल्या, "हे कोकनातली बाई मले बोलून राह्यली काय?" वनिता हसली. बाईंनी कमरेची चंची सोडली. कपाळाला लावली. कपाटावर ठेवली.

मी माझा पेला पुढे केला, तर काय! चंची एवढी फुगीर, की तिचा एक कोपराही आत जाईना. आम्ही घडी घातली, दाबली, तिरकी केली. पेला लगेच लवंडायचा.

"थांब, गंज आनतो," गोकर्णाबाई म्हणाल्या.

"गंज? गंज कशाला? माझा पेला स्वच्छ घासलेला आहे."

गोकर्णाबाईंनी कपाळावर हात मारला. इथे गंज म्हणजे उभं स्टीलचं पातेलं, दूध तापवायचं! स्वयंपाकघरातून त्या भलं मोठं पातेलं घेऊन आल्या. कौसल्याबाईंनी स्वतः ते चंचीवर पालथं घातलं. ठण्ण आवाज झाला. मी पेल्याचं लाल फडकं सोडून गंजाच्या बुडावर बांधलं आणि पेला पिशवीत ठेवला. खोटं कशाला बोलू, जरा वाईट वाटलं. मग पाण्याची बाटली आणि चहाचा कप वनिताच्या ताब्यात दिला. ठरलेल्या वेळेनंतर ती दोन्ही दाराबाहेर जाणार होती.

मंगळवार

सकाळी सहाला आम्ही दोघी वॉर्डात. मी चप्पल काढायची विसरले, सिस्टर ओरडल्या, परत जाऊन काढली. कौसल्याबाई उठून बसलेल्या, डोळे लाल. गंज जागेवर. फडकं जागेवर.

"झोप नाई लागली," त्या म्हणाल्या. "चार डाव हात गेला. झोपीतच. चारी डाव बांगडी गंजावर वाजली."

"ठन्न वाजलं की मी उठे," वनिता म्हणाली. "मी काई बोलायच्या आधी आत्या सोताच म्हने, नाई गं नाई, नाई खात."

माझा देवगडचा पेला नुसता सांगायचा. हा गंज सांगत होता, झाकत होता, आणि वर घंटाही वाजवत होता.

आठ वाजता भुलीचे डॉक्टर आले. उंच, कमी बोलणारे. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी स्ट्रेचर थांबवलं, बॅटरी काढली. "तोंड उघडा." मी भिंतीला टेकले. गोकर्णाबाईंनी माझा हात घट्ट धरला होता, त्यांच्या अंगठीचा वळ दुपारपर्यंत होता. डॉक्टरांनी एक गाल बघितला, दुसरा गाल बघितला, जीभ वर करायला लावली.

"तंबाखू?"

"गंजाखाली हाय," कौसल्याबाई पडल्या पडल्या म्हणाल्या. "इस्वास नसन तं पाहून या."

डॉक्टर खरंच वॉर्डात गेले! फडकं बाजूला केलं, गंज उचलला, चंची पाहिली, गंज पुन्हा जसाच्या तसा ठेवला. परत आले, आणि सिस्टरला एवढंच म्हणाले, "घ्या आत."

दार बंद झालं. दहा वाजता बाहेर अंगणात मांडव होता आणि मला बोलायचं होतं.

मांडवातली मंडळी बघून मला माझ्या घाबरण्याचीच लाज वाटली. आर्णीहून आलेल्या ॲम्ब्युलन्सच्या एका ड्रायव्हरदादांनी ऑक्सिजनच्या सिलिंडरची चावी बैलाच्या घुंगरात ओवली होती. "चावी हरवली तं सिलिंडर म्हंजे नुसता लोखंडाचा ओंडका," ते म्हणाले. "आता कोनी खिशात टाकून चालला की वाजते. सगळे पाह्यतात." एका नर्सताईंच्या वॉर्डात एकाच नावाच्या दोन बायका असल्या की एकीच्या खाटेला आणि कागदांना हिरवी बांगडी, दुसरीच्या पिवळी. नाव सारखं असलं तरी बांगडी सारखी नाही. कुणाच्या हातात यंत्र नव्हतं. सगळ्यांच्या हातात घरातलंच काहीतरी, आणि मनात एकेक पेशंट, ज्याच्यामुळे ते सुचलं. मला वाटलं, ही तर माझीच माणसं.

माझं नाव पुकारलं. पाठ केलेलं सगळं उडून गेलं. मी पेला वर धरला आणि म्हटलं, "हा पेला आमच्याकडे चालतो. इथे चालला नाही." मग मी मासेमार दादांची खिचडी सांगितली, आणि तो निरोप माझाच होता हेही सांगितलं. आजवर परक्यांसमोर कधी बोलले नव्हते ते. मग बाटली, डालगं, चंची. गोकर्णाबाई मागे चहाची किटली घेऊन उभ्या होत्या. मी म्हटलं, "युक्ती यांची आहे, यांना पुढे बोलवा." त्या ओरडल्या, "मले कायले? माह्या हातात चहा हाय!" लोक हसले. किटली आर्णीच्या दादांनी घेतली आणि त्यांना ढकलत पुढे आणलं. त्या माझ्याशेजारी उभ्या राहिल्या आणि मान खाली घालून माझ्या कानात म्हणाल्या, "आता काय बोलू वं?" मी म्हटलं, "कोंबडी सांगा."

त्या कोंबडीचं सांगत होत्या तेव्हाच मांडवाच्या कडेला इनचार्ज सिस्टर दिसल्या. त्यांनी नुसता हात वर केला, आणि अंगठा. गोकर्णाबाईंनी वाक्य अर्ध्यातच सोडलं आणि मला मिठी मारली. मांडवाला कळेना काय झालं. मग सिस्टरनीच माइक घेऊन सांगितलं. टाळ्या थांबेचनात.

आम्हा दोघींना एकेक शाल मिळाली. माझं सन्मानपत्र मी गोकर्णाबाईंच्या घरीच ठेवून आले, त्यांच्या नावाचं वेगळं निघालं नव्हतं म्हणून. सिस्टरनी त्यांच्यासाठी दुसरं लिहून द्यायचं कबूल केलं आहे.

निघायच्या आधी वॉर्डात गेले. कमरेखाली भूल दिलेली, त्यामुळे कौसल्याबाई जाग्या होत्या, पण मान उचलायची मनाई. वनिता पायाशी बसून रडत होती, या वेळी सुखाने. चार नंबरच्या खाटेवर एक तरणी बाई होती, दुपारी तिचं ऑपरेशन होतं. मी कौसल्याबाईंच्या हातावर हात ठेवला, बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावरून पलीकडे गेली. चार नंबरवालीचा हात कमरेकडे सरकत होता.

"ए पोरी!"

पोरगी दचकली.

"काय काढून राह्यली?"

"काई नाई आत्या. थोडी सुपारी. ते काय खानं असते?"

कौसल्याबाईंनी मान न उचलता हात लांब केला आणि कपाट दोन खाटांच्या मध्ये सरकवायची वनिताला खूण केली. वनिताने सरकवलं. गंज हलला, वाजला.

"काढ इकडं तुही चंची. माह्याजवळ ठेव. एका गंजात दोन मावतात."

पोरगी माझ्याकडे बघायला लागली, जणू मी सोडवीन तिला.

"तिच्याकडं काय पाह्यतं? ते चालली समुद्रावर. मी इथंच हाय. ठेव. अन् झाक सोताच्या हातानं."

तिने ठेवली, आणि झाकली.